डेडलाइन पोर्टलची नसते, सहीची असते: ग्रँट प्रपोजलवरचे तुमचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत, ग्रँटची डेडलाइन. प्राध्यापकांची आहेत, रिसर्च सेल सांभाळणाऱ्यांची आहेत, आणि एक पत्र तर थेट सेलच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचं आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज एवढंच. पत्रं लांबलचक होती, मुद्द्यापुरती कापली आहेत. नावं गावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न: ताई, मी एका राज्य विद्यापीठाच्या रिसर्च सेलची समन्वयक आहे. मूळची केमिस्ट्रीची, हे काम जादा चार्ज म्हणून गळ्यात आलंय. दर कॉलला, म्हणजे एजन्सीने प्रपोजल मागवली की, तेच होतं, पोर्टल संध्याकाळी बंद होणार असतं आणि दुपारी तीननंतर लोक फाइल घेऊन पळत येतात, बजेट कुणी तपासलेलं नसतं, कुलसचिव मीटिंगमध्ये, वित्त विभाग म्हणतो आम्ही बघितल्याशिवाय पुढे नाही. आता मी परिपत्रक काढायचं म्हणतेय की डेडलाइनच्या सात दिवस आधी पूर्ण प्रपोजल आलं नाही तर फॉरवर्ड होणार नाही. सीनियर प्राध्यापक भडकलेत, म्हणतात तुम्ही संशोधन अडवताय. माझं चुकतंय का?

उत्तर: मॅडम, परिपत्रक जरूर काढा, पण पूर्ण प्रपोजल मागू नका. तिथेच सगळं बिनसतं. सात दिवस आधी पूर्ण लिहून झालेलं प्रपोजल कुठलाही चांगला संशोधक देणार नाही, कारण शेवटच्या आठवड्यातच तर ते खरं घडत असतं, कुणाला तरी वाचायला दिलेलं असतं, उद्दिष्टं चारची तीन होतात, आकृती बदलते. ते त्याच्याकडून काढून घेतलं तर तो तुम्हाला टाळणारच. आणि खरं सांगा, तुमच्या सेलमध्ये ते शास्त्र कोण वाचतं? कुणी वाचत नाही आणि वाचायची गरजही नाही. तुम्ही बघता बजेट, एंडोर्समेंटचं (संस्थेच्या हमीचं) पत्र, उपकरणांची कोटेशन्स, पीआयचं, म्हणजे मुख्य संशोधकाचं, वय आणि निवृत्तीची तारीख, आधीच्या प्रोजेक्टचं यूसी, म्हणजे पैसे खर्च केल्याचं प्रमाणपत्र, अडकलंय का, को-पीआय (सहसंशोधक) दुसऱ्या संस्थेतला असेल तर तिकडचं पत्र. यातल्या एकाही गोष्टीला शेवटचा मजकूर लागत नाही. शीर्षक पक्कं हवं, माणसं पक्की हवीत, आकडे पक्के हवेत, बस.

म्हणून परिपत्रकात दोन तारखा टाका. कागद आणि बजेट सात दिवस आधी, आणि हे दिवस कामाचे धरा, कॅलेंडरचे नाही, नाहीतर दिवाळी किंवा गणपतीत आलेल्या कॉलला तुमचे सात दिवस दोनवर येतात. मजकूर मात्र आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात राहू दे. हे असं मांडलं की भडकलेल्यांपैकी निम्मे तरी शांत होतील, कारण त्यांचा राग लवकर देण्यावर नसतो, आपलं लिखाण कुणीतरी अडकवून ठेवतंय यावर असतो.

बजेट आधी का हवं हे त्यांना आकड्यात दाखवा, नियम दाखवून कुणाला पटत नाही. बहुतेक जण जुन्या प्रपोजलची फाइल उघडतात आणि त्यातच आकडे भरतात. समजा जुन्या फाइलमध्ये जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप, महिना ३१,००० रुपये आहे, तीन वर्षांचे झाले ११,१६,०००. पण जून २०२३ मध्ये डीएसटीने (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने) दर वाढवले, १ जानेवारी २०२३ पासून लागू, जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ संशोधकाची फेलोशिप) ४२,०००. शिवाय घरभाडे भत्ता, तो शहराच्या वर्गाप्रमाणे, सध्या मुंबई-पुण्याला ३० टक्के, कोल्हापूरसारख्या वाय वर्गाच्या शहराला २०, बाकी ठिकाणी १०. म्हणजे कोल्हापुरातल्या मुलाला पहिली दोन वर्षं महिना ४४,४०० आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाला की ५०,४००. तीन वर्षांचे १६,७०,४००. एका माणसामागे साडेपाच लाखांहून जास्त फरक पडला, आणि तो प्रपोजल मंजूर झाल्यावर लक्षात आला तर पैसे कुठून आणणार? मुलाचे शेवटचे महिने विनापगारी जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते बघवत नाही.

उपकरणांचंही तसंच आहे. पूर्वी संशोधन संस्थांना सवलतीचा ५ टक्के जीएसटी लागायचा, ती सवलत १८ जुलै २०२२ पासून काढली, आता बहुतेक उपकरणांना १८ टक्के. दहा लाखांचं मशीन तेव्हा साडेदहाला पडायचं, आता ११ लाख ८० हजार. जुनं कोटेशन जोडून पाठवलेलं प्रपोजल मंजूर झालं की खरेदीच्या वेळी सव्वा लाखाच्या वर कमी पडतात आणि मग कन्झ्युमेबल्स कापा, प्रवास कापा असं सुरू होतं. हे तपासायला तुमच्या वित्त विभागातल्या माणसाला फार तर अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास दुपारी साडेतीनला मिळत नाही, एवढंच प्राध्यापकांना समजवायचंय.

आता दुसरी बाजू, आणि ही मी जरा ठासून लिहिते. लोकांकडून सात दिवस घ्यायचे तर सेलनेही काहीतरी द्यायला हवं. विद्यापीठाचा पॅन, टॅन, जीएसटी नंबर, आयशे कोड (उच्च शिक्षणाच्या केंद्रीय सर्वेक्षणातला संस्थेचा क्रमांक), बँकेचा तपशील, नॅकचं पत्र, कुलसचिवांचं नाव आणि पदनाम कसं लिहायचं ते, एंडोर्समेंटचा नमुना, सध्याचे फेलोशिपचे दर, शहराचा घरभाडे भत्ता, हे सगळं एका फोल्डरमध्ये कायम तयार ठेवा आणि लिंक सगळ्या विभागांना द्या. प्रत्येक प्राध्यापक दरवेळी हे एकेका टेबलावर जाऊन गोळा करत फिरतो, त्यात त्याचा आठवडा जातो आणि मग तो तुमच्याकडे उशिरा येतो. यूजीसीने २०२२ मध्ये संस्थांनी रिसर्च अँड डेव्हलपमेंट सेल काढावेत म्हणून मार्गदर्शक सूचना दिल्या, त्याप्रमाणे बऱ्याच ठिकाणी पाट्या लागल्या, पण पाटीमागे असा एक फोल्डर नसेल तर प्राध्यापकाला त्या सेलचा उपयोग काय?

कॉल आला की लगेच एक छोटा फॉर्म फिरवा, पाच ओळींचा. कोण टाकणार आहे, कुठल्या एजन्सीला, अंदाजे किती रकमेचं, बाहेरचा को-पीआय आहे का, आणि माणसं, प्राणी किंवा जनुकीय बदल केलेले जीव यांच्यावर काम आहे का. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कळेल की तीन येणार आहेत का तेरा, आणि त्याप्रमाणे कुलसचिवांची वेळ आधी मागून ठेवता येईल.

सहीचा रस्ताही एकदा कागदावर काढून बघा. विभागप्रमुख, मग डीन, मग तुम्ही, मग वित्त व लेखा अधिकारी, मग कुलसचिव, काही ठिकाणी वर कुलगुरू. एकामागून एक जाणारी ही फाइल प्रत्येक टेबलावर एक दिवस थांबली तरी आठवडा संपला. विभागप्रमुख आणि वित्त यांच्याकडे एकाच वेळी प्रत जाऊ शकते, त्यात काहीच गैर नाही. आणि कुलगुरूंकडून लेखी आदेश घ्या की विद्यापीठाला स्वतःचा पैसा घालायचा नसेल किंवा जागा, कायम पद वगैरे द्यायचं नसेल तिथे कुलसचिवांची सही पुरेल आणि ते नसतील तर अमुक अधिकारी करतील. अर्ध्या पानाचा हा आदेश निघाला की तुमची निम्मी पळापळ थांबेल.

राहिला प्रश्न उशिरा येणाऱ्यांचा. "फॉरवर्ड होणार नाही" असं मी लिहिणार नाही. दार बंद केलं की नुकताच लागलेला, कुणी काही न सांगितलेला तरुण प्राध्यापक बाहेर राहतो, आणि सीनियर माणूस थेट कुलगुरूंना फोन करून आत येतो. नियम मोडतो तो नेहमी त्याच माणसासाठी. त्यापेक्षा लिहा की वेळेत आलेल्या फाइल आधी होतील, नंतर आलेल्या त्यानंतर, आणि बजेट तपासलं गेलं नाही तर तसं पीआयने लिहून द्यायचं. आणि मग ही रांग खरंच पाळा, कुणीही आला तरी.

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे, पहिलंच प्रपोजल. प्राचार्य बाहेरगावी, उपप्राचार्य म्हणतात मला अधिकार नाही. पोर्टल उद्या बंद होतंय. एक मित्र म्हणतो मागच्या पत्रावरची सही स्कॅन करून चिकटव, सगळे करतात. करू का?

उत्तर: सर, नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण कारण सांगते. एंडोर्समेंट हे शिफारसपत्र नसतं. त्यात संस्था लिहून देते की या माणसाला आम्ही जागा, वीज, प्रयोगशाळा देऊ, तो मध्येच गेला तर प्रोजेक्टचं काय ते बघू, पैशाचा हिशेब वेळेवर देऊ. उद्या पैसे आले आणि यूसी द्यायची वेळ आली, ऑडिट लागलं, तर प्राचार्य म्हणणार मी हे पत्र बघितलेलंच नाही, आणि ते खरंच असणार. मग तो साधा उशीर राहत नाही, बनावट कागद होतो, आणि त्यावर नाव तुमचं. पहिलंच प्रपोजल आहे म्हणता, तर वर्षभर थांबणं परवडेल पण हे नाही.

उद्यासाठी काय करता येईल ते बघा. प्राचार्यांना आत्ता फोन करा, पत्राची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ते जिथे असतील तिथे प्रिंट काढून स्वतः सही करून मोबाइलवर स्कॅन करून परत पाठवू शकतात. ती त्यांचीच सही आहे, त्यांनी वाचून केलेली. कॉलमध्ये शिक्का मागितला असेल तर मात्र अडचण, शिक्का कॉलेजात असतो, तेव्हा त्यांच्याकडे डिजिटल सिग्नेचर आहे का आणि एजन्सी ती चालवून घेते का हे विचारा. तेही जमलं नाही तर प्राचार्यांनी जाताना चार्ज कुणाला दिलाय ते ऑफिसात बघा. रजेवर किंवा ड्युटीवर जाताना चार्जचा आदेश निघालेला असतो, उपप्राचार्यांनाच तो दिलेला असेल तर त्यांना अधिकार आहे, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलेलं नसतं म्हणून ते घाबरतात. आदेशाची प्रत हातात घेऊन त्यांच्याकडे जा.

पुढच्या वेळी हे पत्र कॉल आला त्याच आठवड्यात घ्या. त्यात शीर्षक, तुमचं नाव, कालावधी एवढंच लागतं. आणि एकदा पत्र झालं की शीर्षकाला हात लावायचा नाही, पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरं असं प्रपोजल छाननीतच परत येऊ शकतं. अजून एक बघा, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जो नमुना पडून असतो त्यात बहुतेक वेळा अजून सर्बचं, म्हणजे केंद्राच्या जुन्या संशोधन-निधी मंडळाचं, नाव असतं. सर्ब आता नाही, २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा लागू झाला आणि सर्ब त्यातच विलीन झालं. नमुना दरवेळी त्या त्या कॉलमधूनच उतरवून घ्या, क्लार्कने दिलेला जुना नको.

प्रश्न: आमच्या इथिक्स कमिटीची बैठक डेडलाइननंतर आहे. प्रपोजल टाकायचंच नाही का?

उत्तर: टाका. बऱ्याच एजन्सी अर्जाच्या वेळी कमिटीकडे अर्ज केलाय एवढं पत्र चालवून घेतात आणि मंजुरी पैसे सोडायच्या आधी मागतात, पण सगळ्याच नाही, म्हणून कॉलमधली ती ओळ शोधा आणि नाही कळली तर मेल करून लेखी विचारा, फोनवरचं उत्तर नंतर उपयोगाला येत नाही. कमिटीच्या सदस्य-सचिवांकडून अर्ज मिळाल्याची पोच आजच घ्या. प्राण्यांवरचं किंवा जीएमओचं (जनुकीय बदल केलेल्या जीवांचं) काम असेल तर जास्त आधीपासून हलायला हवं, तिथे बाहेरचे नामनिर्देशित सदस्य असतात, बायोसेफ्टी कमिटीवर डीबीटीचा, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, असतो, आणि बैठकीची तारीख त्यांच्या सवडीने ठरते.

प्रश्न: पुण्याच्या एका संस्थेत आहे, जर्मनीतल्या ग्रुपबरोबर होरायझन युरोप या युरोपियन युनियनच्या संशोधन-निधी योजनेत पार्टनर म्हणून जातोय. तिकडून मेल येतो पाच वाजता बंद. कुठले पाच? आणि आमच्या ऑफिसकडून नक्की काय लागेल?

उत्तर: ब्रसेल्सचे पाच. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेआठ. पण तुमची चिंता ती वेळ नाहीये. सबमिट तिकडचा कोऑर्डिनेटर करणार आहे, आणि तिथे एक चांगली सोय आहे, डेडलाइनच्या आधी कितीही वेळा सबमिट करता येतं आणि शेवटचं धरलं जातं. त्यांना सांगा दोन दिवस आधी एक पूर्ण आवृत्ती चढवून ठेवा. आपल्याकडच्या पोर्टल्सवर ही सोय गृहीत धरू नका.

तुमच्या ऑफिसकडून लागतो संस्थेचा नऊ आकडी पिक नंबर, म्हणजे युरोपियन पोर्टलवरची संस्थेची ओळख. तो आधीच काढलेला असण्याची शक्यता खूप आहे, दुसऱ्या एखाद्या विभागाने कधीतरी काढलेला असतो, तो शोधा, नवा काढून एका संस्थेचे दोन करू नका. आणि पैशाचं आधी स्पष्ट करून घ्या, भारतीय पार्टनरला होरायझन युरोपमधून आपोआप पैसा मिळत नाही, कॉलमध्ये तशी तरतूद असेल तरच, नाहीतर इकडच्या एजन्सीकडून किंवा स्वतःच्या खर्चाने. हे शेवटच्या आठवड्यात कळलेल्या संस्था मागे हटतात आणि तिकडच्या ग्रुपचं पूर्ण बजेट कोसळतं, मग पुन्हा त्या विद्यापीठाला कुणी विचारत नाही.

पैसा खरोखर बाहेरून येणार असेल तर तुमच्या संस्थेला एफसीआरए (परदेशी निधी घेण्याबाबतचा कायदा) लागतो का, की सूट आहे, हे वित्त विभागाला लेखी विचारा. विषय आरोग्याचा असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं, त्याचा वेळ वेगळा. जाता जाता, अमेरिकेच्या एनआयएचचा (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था) हिशेब उलटा आहे, तिथे अर्ज करणाऱ्या संस्थेच्या स्थानिक वेळेचे पाच धरतात, म्हणजे तुम्ही अर्जदार असाल तर आपल्याच संध्याकाळचे पाच. रात्री करू म्हणून बसलात तर गेलं. आणि अमेरिकी सरकारचं सॅम नावाचं रजिस्ट्रेशन परदेशी संस्थेला आठवडेच्या आठवडे घेतं, ते कॉल यायच्या आधीच करून ठेवायचं काम आहे.

प्रश्न: ताई, मी एका रिसर्च सेलमध्ये कंत्राटी क्लार्क आहे. शेवटच्या दिवशी सर लोक मला त्यांचा लॉगिन पासवर्ड देतात आणि तूच अपलोड कर म्हणतात. रात्री दहा-अकरा वाजतात, एकटीच असते ऑफिसात, शिपाईसुद्धा गेलेला असतो. मागच्या वेळी पोर्टल हँग झालं, प्रपोजल गेलं नाही आणि सगळ्यांसमोर मला बोलले. मी काय करायचं?

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि या अंकात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे असं मला वाटतं. पहिली गोष्ट, पासवर्ड घ्यायचा नाही. सबमिटचं बटण पीआयनेच दाबायचं असतं, तिथे तो खाली टिक करून सगळी माहिती खरी असल्याचं लिहून देतो, ते तू त्याच्या नावाने देऊ शकत नाहीस. शिवाय ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो आणि नेमके तेव्हा ते गाडी चालवत असतात. तू शेजारी बसून मदत कर, पीडीएफ जोडून दे, साइज कमी करून दे, नाव बरोबर देऊन ठेव, पण खुर्चीत ते.

हे तू एकटीने म्हणायचं नाहीस, तुझं कंत्राट आहे, मला कळतं. वरच्या पहिल्या पत्रातल्या मॅडमसारखी तुझीही कुणी समन्वयक असेल, तिच्याकडून परिपत्रकात दोन ओळी घालून घे, की पासवर्ड कर्मचाऱ्यांना देऊ नये आणि सेलची मदत संध्याकाळी सहापर्यंत मिळेल. सहानंतर थांबवायचंच असेल तर लेखी सांगावं, दुसरं कुणीतरी सोबत असावं, घरी पोचवायची सोय असावी आणि बदली सुट्टी मिळावी. समन्वयक हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे, ही मागणी मुलीला करायला लावू नका, तुम्हीच आदेश काढा.

पोर्टल हँग होण्याबद्दल. शेवटच्या दोन तासांत सगळा देश एकाच पोर्टलवर असतो, ते अडकणारच, त्यात तुझा दोष नव्हता. तरी पुढच्या वेळी अडकलं की लगेच पूर्ण स्क्रीनचा फोटो घे, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि पोर्टल बंद व्हायच्या आधी पीआयच्या मेलवरून हेल्पडेस्कला तो पाठवायला लाव. बंद झाल्यावर पाठवलेल्या मेलला कुणी धरत नाही. बऱ्याच वेळा पोर्टल नसतंच अडकलेलं, फाइल ठरलेल्या साइजपेक्षा मोठी असते किंवा फाइलच्या नावात कंस, टिंबं, मराठी अक्षरं असतात, ते आधी बघ.

आणि एक वही कर. फाइल कुणाची, कधी आली, त्यात काय नव्हतं, वित्तकडे कधी गेली, परत कधी आली, सही कधी झाली. आवक-जावक रजिस्टर असतं तसंच, फक्त यात तारखेबरोबर वेळही लिही. समन्वयक मॅडमना दर कॉलनंतर त्या पानाखाली सही करायला सांग. पुढच्या वेळी कुणी सगळ्यांसमोर बोललं तर ते पान उघडून मॅडमच्या टेबलावर ठेव, बोलायचं काम मॅडमना करू दे.